तेवीस टॅब आणि एक साडू

१० नोव्हेंबर २००२, रविवार

समाजाच्या मंडळाची बैठक झाली. उपवर-वधू परिचय मेळावा १२ जानेवारीला. या वर्षी सगळे फॉर्म कॉम्प्युटरवर भरायचे आणि त्यातूनच पुस्तिका छापायची. अध्यक्ष अण्णाजींनी विचारलं, "कोन करते?" माझा हात वर गेला. मी नेला नाही, गेला. प्रामाणिकपणे नोंदवतो : पुढच्या रांगेत धर्मेंद्रचा हात मान खाजवायला म्हणून निघाला होता. तो आणखी वर जाईल अशी मला भीती वाटली.

धर्मेंद्र माझा साडू. मंजुषाच्या धाकट्या बहिणीचा नवरा. पिपरी मेघेत नळ, पाईप आणि खिळ्यांचं दुकान. शिक्षण बारावी. मी एम.कॉम., सरकारी कार्यालयात वरिष्ठ सहायक, शिवाय मागच्या वर्षी प्रोग्रामिंगचा सहा महिन्यांचा कोर्स केला. त्या वर्गात मी चव्वेचाळीसचा, बाकी सगळे अठराचे. पहिल्या श्रेणीत पास. इथे कुणाशी तुलना करत नाही, फक्त माहिती लिहून ठेवतो.

पुस्तिकेच्या पहिल्या पानावर 'संगणक प्रमुख' म्हणून नाव छापून येतं. ते गौण आहे. खरा प्रश्न मुकेशचा. माझा धाकटा भाऊ, वय तेहतीस, देवळीला कृषी केंद्रात नोकरी. तीन मेळावे झाले, जमलं नाही. माहिती व्यवस्थित मांडली गेली तर या वेळी जमेल. आणि माहिती व्यवस्थित मांडणं हे माझं काम.

१३ नोव्हेंबर

ऑफिसात नस्ती चाळताना कल्पना सुचली. जाड नस्तीला आपण पताका लावतो : पताका अ, पताका ब. पताका धरली की थेट त्या कागदावर. कॉम्प्युटरवर हेच काम टॅब करतो. मंडळाचा फॉर्म म्हणजे फुलस्केपची पाठपोट खिचडी. नावाखाली उंची, उंचीखाली मामेकूळ, मामेकुळाखाली रक्तगट. मी प्रत्येक विषयाला स्वतंत्र टॅब देणार. एकूण तेवीस टॅब होतात.

मंजुषा म्हणाली, "तेवीस? आपल्या घरात डबे नाहीत तेवढे." तिला मांडणी या विषयात रस नाही.

१७ नोव्हेंबर, सकाळी ७

तेवीस टॅब एका ओळीत मावत नाहीत. तीन ओळी झाल्या. आठ, आठ, सात. टॅबवर पूर्ण नावंही मावत नाहीत, म्हणून संक्षेप केले : शैक्षणिकचं 'शैक्ष.', मामेकुळाचं 'मामे.', अपेक्षांचं 'अप.', आजार-व्यंगचं 'आज.'. सगळे टॅब अकारविल्हे लावले. शब्दकोश वापरता येणाऱ्या कुणालाही अडचण येणार नाही.

एक गंमत दिसली. मागच्या ओळीतला टॅब दाबला की ती अख्खी ओळ पुढे येते आणि पुढची मागे जाते. प्रोग्राम जिवंत वाटतो.

२४ नोव्हेंबर, रविवार

मंडळाच्या कार्यालयात पहिलं प्रात्यक्षिक. तिथला कॉम्प्युटर धर्मेंद्रने भेट दिलेला आहे. टेबलाला पत्र्याची पाटी ठोकली आहे : 'सौजन्य – धर्मेंद्र हार्डवेअर'. चार स्क्रू. दोन पुरले असते.

शोभाबाई वीस वर्षांपासून तिथे लोकांचे फॉर्म लिहून घेतात. त्यांना बसवलं. त्यांनी वरच्या ओळीतला 'मामे.' दाबला. ओळी जागा बदलून मोकळ्या झाल्या. शोभाबाई खुर्ची मागे सरकवून म्हणाल्या, "भाऊ, हे आत्ता वर होतं. दाबलं तं खाली आलं. अन् खालचं शिक्षण कुठी गेलं?"

मी समजावलं. शाळेत प्रार्थनेला ज्या ओळीचं नाव घेतात ती पुढे येते, तसं. त्या म्हणाल्या, "मंग बाकीच्यायनं आपल्या जागेवर काऊन नाई राह्यचं?"

मी प्रश्न वहीत टिपून घेतला. 

२७ नोव्हेंबर

शोभाबाईंनी स्वतःच उपाय काढला. मॉनिटरच्या काचेवर टिकल्या चिकटवल्या. लाल टिकलीखाली मामेकूळ, मरून टिकलीखाली शिक्षण, हिरवीखाली नोकरी. एक टॅब दाबल्याबरोबर ओळी हलल्या, टिकल्या जागच्या जागी. मग लाल टिकलीखाली रक्तगट आला. त्यांनी रक्तगटात 'ढोले' असं मामेकूळ भरलं.

काचेवर टिकल्या लावू नयेत, अशी सूचना टाईप करून भिंतीवर लावली. शोभाबाईंनी ती वाचली, टिकल्या काढल्या, आणि एखादी चुकून राहिली असेल म्हणून सूचनेच्या कागदाखालीही पाहिलं.

निष्कर्ष : प्रोग्राम बरोबर आहे. वापरणाऱ्यांना वळण लावावं लागेल.

१ डिसेंबर, रविवार

धर्मेंद्र आणि ज्योत्स्ना जेवायला आले. नव्या मारुतीने आले. गल्लीत गाडी लावायला वीस मिनिटं घेतली, त्यामुळे सगळ्या गल्लीने गाडी पाहिली. मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही.

मंजुषाने मला माझा प्रोग्राम त्याला दाखवायला लावला. मी तिन्ही ओळी पुढेमागे करून दाखवल्या. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "साडभाऊ, मेहनत लय केली तुम्ही. पन एक सांगू का? शोभाबाई कागद समोर ठेवून भरते. कागदावर जसं आहे तसंच एक पान करा ना. वरून खाली."

मी हसलो. वरून खाली! म्हणजे ते किराण्याच्या यादीसारखं झालं.

तो गेल्यावर विचार केला. प्रामाणिकपणे स्वतःला विचारलं : मला धर्मेंद्रचा हेवा वाटतो का? पाच मिनिटं तपासलं. नाही. भांडी आवरून झाल्यावर पुन्हा तपासलं. नाही. उलट आता लक्षात आलं, त्यालाच माझा हेवा वाटतो. नाहीतर एवढ्या चांगल्या प्रोग्रामला कुणी नाव का ठेवेल? बिचारा. त्याच्याशी मी जास्त मोठ्या मनाने वागायला हवं. उद्यापासून.

३ डिसेंबर

नवी अडचण. प्रत्येक टॅबवर 'जतन करा' बटण आहे. शोभाबाई एक टॅब भरतात, बटण न दाबता दुसऱ्या टॅबवर जातात आणि आधीचं सगळं पुसलं जातं. विचारलं तर म्हणाल्या, "कागदाचं पान उलटवलं तं मागचं कोरं होते का, भाऊ?"

उपाय केला. टॅब सोडताना आता सूचना येते : 'आपण हा कप्पा जतन न करता सोडू इच्छिता का? होय / नाही / रद्द.' एका फॉर्मला तेवीस वेळा. सुरक्षितता वाढली.

८ डिसेंबर, रविवार

ज्योत्स्नाचा फोन मंजुषाने घेतला. धर्मेंद्रने म्हणे दुकान बंद ठेवून दोन दुपारी बसून 'काहीतरी' केलं आहे. एकच पान. कोर्स केलेला नाही. पुस्तकात पाहून केलं. मंजुषा फोन ठेवून म्हणाली, "हुशार आहे तो."

मी म्हणालो, हो. पूर्ण मोकळ्या मनाने म्हणालो. मग गच्चीवर जाऊन टाकी तपासली. टाकी ठीक होती.

त्याच्याकडे सतरा इंची मॉनिटर आहे. त्या मॉनिटरवर माझे टॅब दोनच ओळींत मावतील. मंडळाच्या चौदा इंचीवर तीन ओळी होतात. म्हणजे मुळात प्रश्न माझ्या प्रोग्रामचा नाहीच, मंडळाला लहान मॉनिटर कुणी भेट दिला हा आहे.

९ डिसेंबर

वरचं वाक्य पुन्हा वाचलं. थोडं कटू वाटतं. पण खरं आहे. ठेवतो.

१२ डिसेंबर

अण्णाजींनी ठरवलं : रविवारी दोन्ही प्रोग्राम लावून पाहू. प्रत्येकी दहा फॉर्म. शोभाबाई भरतील, कारण मेळाव्यात त्याच भरणार आहेत. मला हा सन्मान वाटतो. अभ्यासक्रम शिकलेल्या माणसाशी तुलना व्हावी, ही धर्मेंद्रच्या दृष्टीने मोठी गोष्ट.

तयारी : टॅबना रंग दिले. अप. गुलाबी, आज. गुलाबी (एकाच गटातले म्हणून). मंजुषाला विचारलं, कसं दिसतं? ती म्हणाली, "बताशांसारखं." चांगल्या अर्थाने म्हणाली असावी.

१५ डिसेंबर, रविवार, दुपारी ४

थोडक्यात लिहितो.

माझा प्रोग्राम आधी. पहिला फॉर्म चौतीस मिनिटं. शोभाबाई प्रत्येक सूचनेला 'होय' म्हणत गेल्या आणि दर वेळी कप्पा जतन न होता सुटला. सोळाव्या टॅबला त्या सूचनेला मोठ्यानेच म्हणाल्या, "अवो सोडते म्हनलं ना माय, कितीदा विचारतं!" मंडळी हसली. अण्णाजीही हसले. मी टीप घेत होतो.

दुसऱ्या फॉर्मला त्या अर्ध्यात थांबल्या. जन्मवेळ सापडत नव्हती. मीही शोधायला वाकलो. मलाही लगेच दिसली नाही. अकारविल्हे असल्याने ती 'ज' मध्ये आहे हे माहीत होतं, फक्त 'ज'ची ओळ त्या क्षणी कुठे होती ते सांगता येत नव्हतं. मागून धर्मेंद्र हळूच म्हणाला, "मधल्या ओळीत, साडभाऊ. डावीकडून तिसरं." त्याने माझा प्रोग्राम एकदाच पाहिला होता. हे सभ्यतेला धरून नव्हतं.

मग त्याचा. एक लांब पान. कागदावर बोट, स्क्रीनवर डोळा. दहा फॉर्म पन्नास मिनिटांत झाले. खालच्या टोकाला एक बटण, दाबायचं एकदाच. शोभाबाई उठताना म्हणाल्या, "हे आपलं वाटते."

निर्णय सांगायची गरज नव्हती. तरी अण्णाजींनी माईकवर सांगितला. सोळा माणसांच्या खोलीत माईक.

संगणक प्रमुख : धर्मेंद्र.

१६ डिसेंबर

कालचा दिवस तटस्थपणे तपासला. तीन कारणं : (१) शोभाबाईंना सवय नव्हती. (२) टेबलाची उंची त्यांच्या नव्हे, धर्मेंद्रच्या सोयीची. (३) त्यांचा माझ्यावर भिंतीवरच्या सूचनेचा राग होता.

मला वाईट वाटलं का? थोडं. हेवा? नाही. साडूबद्दल आनंदच आहे. आनंदाने रात्रभर छातीत जळजळ झाली. मंजुषा म्हणाली भज्यांमुळे.

२० डिसेंबर

धर्मेंद्र स्वतः घरी आला. पेढे आणले. "साडभाऊ, तुमचंही नाव टाकतो पुस्तिकेत, सहायक म्हनून." मी नको म्हणालो. सहायक मी ऑफिसात आहेच, तेही वरिष्ठ.

फक्त एक गोष्ट मागितली. मुकेशचा फॉर्म माझ्या प्रोग्राममध्ये मी स्वतः भरणार, फ्लॉपीवर देणार आणि त्याने तो एक अक्षरही न बदलता पुस्तिकेत छापायचा. तो म्हणाला, "बस? दिलं." एवढ्या सहज दिलं की मागण्याचं समाधान गेलं.

२२ डिसेंबर, रविवार

मुकेशला समोर बसवून फॉर्म भरला. अपेक्षा विचारल्या. तो भिंतीकडे पाहत म्हणाला, "दादा, लिही काहीबी." मी म्हणालो, काहीबी असा कप्पा नाही. मग म्हणाला, शिकलेली असावी. हसतमुख. भांडण लवकर विसरणारी. तिसरं सांगताना त्याने मंजुषाकडे पाहिलं का, हे मला कळलं नाही. आजार-व्यंग काही नाही, फक्त चष्मा आहे, उणे दोन. ते लिहायलाच हवं, लपवाछपवी मला जमत नाही.

एक तास दहा मिनिटं लागली. घाई नव्हती. दोनदा तपासलं, तेवीसही टॅब उघडून. एकही शुद्धलेखनाची चूक नाही. अप. आणि आज. शेजारी, एकाच रंगाचे, दोन्हींत एकच मोठी चौकट. डोळ्याला किती सुखद. जो वरून खाली भरतो त्याला हे सुख कळणार नाही.

फ्लॉपी पाकिटात घालून, पाकिटावर 'तपासले' लिहून दिली.

१२ जानेवारी २००३, रविवार

मेळावा झाला. 

सभागृह भरलेलं. पुस्तिका सकाळीच वाटल्या. पहिल्या पानावर 'संगणक प्रमुख : धर्मेंद्र', ठळक. मी मुकेशचं पान उघडलं नाही. दोनदा तपासलेलं तिसऱ्यांदा तपासणं म्हणजे स्वतःवर अविश्वास.

पद्धत अशी : एकेकाला मंचावर बोलवायचं आणि अण्णाजींनी पुस्तिकेतली माहिती माईकवरून वाचायची. मुकेशचा नंबर एकशे बारा. इस्त्रीचा शर्ट घालून उभा राहिला, नेहमीसारखा बुटांकडे पाहत. अण्णाजी नव्वद मिनिटं वाचून थकले होते, ते शब्द पाहत होते, अर्थ नव्हे. नाव, उंची, शिक्षण, नोकरी. मग म्हणाले :

"आजार अथवा व्यंग : शिकलेली, हसतमुख, भांडन लवकर विसरनारी."

आणि श्वास न घेता :

"अपेक्षा : चष्मा, उने दोन."

 बायकांच्या बाजूने एक हसू फुटलं आणि सगळं सभागृह त्यात गेलं. माझ्या पायाखाली जमीन होती, पण माझी वाटत नव्हती. ओळ पुढे आली असणार. मी अप. समजून आज. दाबला असणार. दोन्ही गुलाबी.

मुकेश मंचावरून पळून जाईल असं वाटलं. तीन मेळाव्यांत तो नावापुढे एक शब्द बोललेला नाही. त्याने अण्णाजींच्या हातातून माईक घेतला आणि म्हणाला, "व्यंग जुनंच आहे. औषध सापडलं नाई अजून."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या भावासाठी.

जेवणाच्या वेळी नाचणगावचे एक गृहस्थ मुकेशला शोधत आले. मुलगी बरोबर होती, अंजू, तिथल्याच शाळेत शिक्षिका. जाड चष्मा. पहिलं हसू तिचंच होतं म्हणे. गृहस्थ फार गंभीरपणे म्हणाले, "पोरीले चष्मा हाये. उने अडीच. तुमची अपेक्षा उने दोनची दिसते. चालते का?" अंजू म्हणाली, "बाबा, तुम्ही बी!" आणि चष्मा काढून पदराने पुसू लागली. मंजुषाने नंतर सांगितलं, याआधी तिला पाहायला आलेल्या तिन्ही पाहुण्यांनी चष्मा काढून दाखवायला लावला होता.

मुकेश म्हणाला, "अर्धा नंबर मी वाढवून घेतो."

मी एवढं बोलणारा भाऊ प्रथमच पाहिला.

१२ जानेवारी, संध्याकाळी

एक गोष्ट राहिली. जेवणाच्या रांगेत लोक धर्मेंद्रला येऊन भेटत होते. "काय डोकं लढवलं राजा! व्यंगात अपेक्षा!" कुणी पाठ थोपटली, कुणी पुढच्या वर्षीही तूच कर म्हणालं. अण्णाजींनी आभार मानताना त्याच्या विनोदबुद्धीचा उल्लेख केला. तो नाही-नाही म्हणत होता. नम्रपणाही त्यालाच शोभला.

मी ताटातला वडा बघत उभा होतो. चूक माझी म्हणून सांगावं, तर एम.कॉम. माणसाने दोनदा तपासून भावाला व्यंग लावलं हे गावभर होतं. न सांगावं, तर भावाचं लग्न साडूच्या नावावर जमा होतं.

प्रामाणिकपणे : हो. हेवा वाटतो. १० नोव्हेंबरपासून वाटतो. त्याआधीपासूनही असेल, तिथवर तपासलं नाही.

१९ जानेवारी, रविवार

दुकानात जाऊन कबूल करायचं ठरवलं. वाक्य पाठ केलं : 'धर्मेंद्र, ती चूक माझ्या प्रोग्रामची होती.' वाटेत सुधारलं : 'माझी होती.' सायकल पिपरी मेघेच्या वळणावर उभी करून दोनदा म्हणून पाहिलं.

तो खिळे तोलत होता. मी सुरुवात केली, "ते मुकेशचं पान..." तो म्हणाला, "अवो मले छापायच्या आधीच दिसलं होतं. पन तुम्ही म्हनले होते ना, अक्षर बदलायचं नाई. पाकिटावर 'तपासले' लिवलेलं. मले वाटलं, शिकलेला मानूस, काही आयडिया असंन त्याची. होती ना?"

त्याने तराजूवरून नजर उचलून विचारलं. चेहरा साफ. खोटं बोलायची संधी एवढ्या आदराने कुणी दिलेली नव्हती.

मी म्हणालो, "होती."

धर्मेंद्रने खिळे तसेच ठेवले आणि दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना ओरडून सांगितलं, "पाह्यलं? मी म्हनत नव्हतो? आयडिया साडभाऊची होती!"

गिऱ्हाइकं हसली. एक जण म्हणाला, "धर्मेंद्रभाऊ, तुमी लय मोठ्या मनाचे हाय राजा. घरच्या मानसाले कसं पुढं करता."

९ फेब्रुवारी, रविवार

मुकेशचा साखरपुडा, नाचणगाव. सगळं छान झालं. मुकेश दिवसभर बोलत होता. अंजूने चष्मा एकदाही काढला नाही.

मोठा भाऊ म्हणून मी पहिल्या पाटावर होतो. शेजारच्या पाटावर धर्मेंद्र. अंजूच्या वडिलांचे थोरले भाऊ आर्वीहून आले होते. वडिलांनी धर्मेंद्रची ओळख करून दिली, त्याला बराच वेळ लागला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अन् हे धर्मेंद्रभाऊचे साडभाऊ."

थोरल्यांनी विचारलं, "काय करते?"

वडील जरा अडखळले. "कॉम्प्युटरवर बसते म्हने कधी कधी."

थोरल्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मंग शिकून घ्या नीट," म्हणाले, "घरातच मानूस हाये तुमच्या."

मी बरं म्हणालो.